सोवळी तार

चांगला डाख चमकतो. तापलेलं शिसं तांब्यावर पसरतं, कडेला पातळ होत जातं, आणि गार झाल्यावरही त्याच्यावर ओल्या दगडासारखी झाक राहते. वाईट डाख नुसता वर बसतो, राखेच्या रंगाचा, गोळ्यासारखा. नखानं ढकलला तर हलतो. काउंटरवर उघडून ठेवलेल्या माईकच्या पिनेत, तारेभोवतीची बारीक जाळी जिथं टेकवलेली असते, तिथला डाख राखेच्या रंगाचा होता. लीलानं नख लावून बघितलं नाही. बसल्या जागेवरून दिसत होतं.

अर्जुनरावांनाही दिसलं. त्यांनी पिनेचं टोपण फिरवून घट्ट बसवलं आणि मान वर केली.

"पिनेत कायबी दोष न्हाई," ते गिऱ्हाइकांना म्हणाले. "माईकात न्हाई, मशिनीत न्हाई. दोष हाय तारेच्या पोटात. आन् तारेचं पोट काय उघडून दाखवता येत न्हाई."

समोरच्या बाकावर बोरकडीचे दोघं बसले होते. एक नानासो, जत्रा कमिटीचे चेअरमन. नदीकाठचे बागायतदार, धोतराला इस्त्री, आणि कारखान्याच्या निवडणुकीत पडल्यापासून देवाच्या कामात फार. दुसरे कोंडीबा. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पटका काढून ठेवलेला. हे लीलाचे सख्खे चुलते. बोरकडी तिचं माहेर. ती सांगलीला कॉलेजात होती तेव्हा भाकरीचं गठुडं घेऊन एस.टी.नं येणारे तेच, आणि "पोरगी शिकती तर शिकू द्या की" असं भावकीत म्हणणारेही तेच. लीला घर आणि दुकान यांच्यामधल्या दारात स्टुलावर बसून डब्यातले कंडेन्सर वेगळे करत होती. काका आल्यावर तिनं चहा दिला होता आणि पुन्हा येऊन बसली होती. गिऱ्हाईक असताना तिनं तिथंच बसायचं, हे ठरलेलं होतं.

"तरी म्या म्हनलं नव्हतं?" नानासो कोंडीबांना म्हणाले. "तारंतच गोम हाय. मागल्या जत्रंला बुवा 'देवा' म्हनले की कर्णा घुर्रर्र करायचा. बुवांचं सोंग झालं निस्तं."

"घुरघुर रातच्याला न्हवती," कोंडीबा म्हणाले.

"रातच्याला तमाशा व्हता. तवा कोन ऐकतंय घुरघुर?"

कराडच्या स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दुकान होतं. रेडिओदुरुस्ती, आणि लग्नाला, जत्रेला, निवडणुकीला कर्णे भाड्यानं. भिंतीवर अर्जुनरावांचा पलटणीतला फोटो होता. पलटणीत ते तारखात्यात होते, असं ते सांगत. होते ते तारखात्याच्या गोदामावर. मागेल त्याला तारेची भेंडोळी मोजून देत आणि सही घेत. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी रेडिओचं काम शिकून घेतलं, आणि बरं शिकून घेतलं, हे लीलानं कुणालाही सांगितलं असतं. त्यांना काम येत नव्हतं असं नव्हतं. न येणाऱ्या माणसाची तिला कीव आली असती.

फोटोशेजारी दुसरी एक चौकट होती, फोटोपेक्षा मोठी. तिच्यात लीलाची पदवी होती. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., दुसरा वर्ग. लग्नानंतर पेटीतून ती काढून अर्जुनरावांनी काच लावून आणली आणि खिळा ठोकून टांगली. लीलाला कौतुक वाटलं होतं. तिला वाटलं, नवऱ्याला अभिमान आहे. तो कशाचा होता हे कळायला पहिली जत्रा यावी लागली.

सोवळ्या तारेचा उगम एका जत्रेतलाच. एकाच माईकवर संध्याकाळी कीर्तन आणि रात्री तमाशा, असं सगळीकडेच चालतं. पूर्वेकडच्या माळावरच्या एका गावात कीर्तनाला कर्णा घरघरला, तेव्हा एक म्हातारा माळकरी म्हणाला, काल राती जे ह्या तारंतनं ग्येलं त्येच अजून आत घुमतंय. सगळे हसले. अर्जुनराव हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य पोलकं शिवायला कापड घ्यावं तसं मापून घेतलं. पुढच्या बाजाराला ते कुपवाडला एका लहानशा कारखान्यात गेले आणि पारदर्शक प्लास्टिकमधली तांब्याची तार घेऊन आले. आतलं तांबं दिसे, एवढंच तिचं वैशिष्ट्य. घरी तिची वेटोळी केली, लाल-पिवळ्या दोऱ्यानं बांधली, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि शिंप्याकडून भगवं कापड लावून घेतलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली. एका खोक्याची किंमत नव्या कोऱ्या कर्ण्याएवढी.

"हिच्यातनं कवाबी सिनेमाचं गानं ग्येलेलं न्हाई," ते सांगत. "देवासाठी येगळी तार. देवाचा नैवेद्य आपण उष्ट्या ताटात वाढतो का?"

वाढत नाही, असं गाव म्हणे. पुढे तर काही म्हणावंही लागेना. एका गावानं घेतली की शेजारच्या गावाची झोप उडे. हरिनाम सप्ताहाला वर्गणी काढून लोक तार घेत. देवळाच्या छपराला वर्षं झाली कौलं नव्हती, पण तार सोवळी होती.

कुणी शंका काढली तर अर्जुनराव भिंतीकडे बोट करत. "वाचा. फिजिक्स. आमच्या मंडळी हायत त्या. इचारा त्यांनाच." मग लीलाकडे माना वळत, आणि ती म्हणे, "तांब्यातून वीज चांगली वाहते."

ते खरं होतं. तांब्यातून वीज चांगली वाहते. जुन्या तारेतल्या तांब्यातूनही तितकीच चांगली वाहते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून तिनं सांगितलेलं नव्हतं. आपण खोटं बोलत नाही, असं ती स्वतःला समजावत असे. असलं खरं बोलण्यापेक्षा अर्जुनरावांचं खोटं बरं, हेही तिला कळत असे. त्यांना निदान ते सांगताना मजा येई.

पलूसच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हव्या होत्या. तिथल्या मुख्याध्यापिका लीलाच्या कॉलेजातल्या, तिच्या पुढच्या वर्गात होत्या. त्यांनी दिवाळीत निरोप धाडला: जागा तुझीच समज, फक्त मूळ पदवी घेऊन ये, नक्कल चालायची नाही. संक्रांतीला पुन्हा धाडला. आता शिमगा झाला होता, आणि तिसरा निरोप आला होता, की पाडव्याला संस्थेची बैठक आहे, तोवर तू दिसली नाहीस तर मी दुसरी बाई घेणार. लीलानं तिन्ही वेळा "येते" म्हणून कळवलं होतं. घरात ती अवाक्षर बोलली नव्हती. पदवी न्यायची तर चौकट काढायची, चौकट काढायची तर अर्जुनरावांसमोर स्टूल ओढायचं, आणि ते विचारणार, कशाला. नोकरीला त्यांनी आडकाठी केली असती असं नाही. पगार त्यांना नको झाला नसता. पण चौकट त्यांनी सोडली नसती. भिंतीवरचा एक खिळा. तिला तो उपसवत नव्हता.

"आता बगा," अर्जुनराव म्हणाले, "मी सांगून उपेग न्हाई. कानानं ऐका."

त्यांनी दुकानातला कर्णा रस्त्याकडे तोंड करून ठेवला, मशीन चालू केलं आणि बोरकडीच्या माईकला बोरकडीचीच तार लावली. कर्णा घरघरू लागला. मोठ्या भुंग्याला डब्यात कोंडावं तसा आवाज. समोरच्या पानवाल्यानं कानावर हात ठेवला.

मग त्यांनी भगवं खोकं उघडलं. कोंडीबांनी नकळत हात जोडले. अर्जुनरावांनी वेटोळं सोडून तार माईकला जोडली. तिच्या टोकाला पीन आधीच बसवलेली होती. ती त्यांनी सकाळी न्याहारीच्या आधी बसवली होती, आणि लीलानं तेव्हा शेजारून जाताना आत पाहिलं होतं. तिथला डाख आरशासारखा होता. जाळीचा एकेक केस जागेवर. त्यांना उत्तम डाख देता येत होता. यातली सगळ्यांत घाणेरडी गोष्ट तिला हीच वाटे.

कर्णा गप्प झाला.

"बोला," अर्जुनरावांनी माईक नानासोंच्या हातात दिला.

नानासो उभे राहिले. धोतराचा सोगा सावरला. "हॅलो," ते म्हणाले, "हॅलो. बोरकडीच्या तमाम ग्रामस्थांना माझा नमस्कार." कराडच्या रस्त्यानं नमस्कार घेतला आणि आपल्या कामाला गेला.

"कसं वाटतंय?"

"लय ग्वाड," नानासो म्हणाले. "तूप लावल्यागत. आन् खरं सांगू का अर्जुनराव, आवाजात उदबत्तीचा वास हाय."

"तो तारंचा गुन," अर्जुनराव गंभीरपणे म्हणाले.

लीलानं हातातला कंडेन्सर चुकीच्या कप्प्यात टाकला आणि परत काढला. पूर्वी असं काही ऐकलं की तिला आतून हसू येई. आता नुसता कंटाळा येई, उन्हात पडलेल्या ताकासारखा आंबट. उदबत्तीचा वास. हा माणूस ऊसतोडणीची पावती तीनदा वाचल्याशिवाय अंगठ्याखालून जाऊ देत नाही. काट्यावर गाडी चढली की वजनाच्या काट्याखाली वाकून बघतो. तेवढं एकदा त्या पिनेत वाकून बघितलं असतं तर काम झालं असतं. पण वाकून बघायचं नव्हतंच त्याला. त्याला नमस्कार करायचा होता.

कोंडीबांनी जुन्या तारेचं टोक हातात घेतलं होतं आणि ते सापाचं शेपूट धरावं तसं लांब धरून बघत होते.

"लीले," ते म्हणाले.

"काय काका?"

"तू शिकलीयास. मला एक सांग. ह्या तारंत खरंच लावणी ऱ्हायली असंल का गं?"

"इचारा की," अर्जुनराव भिंतीकडे बोट करत म्हणाले. "त्यासाठीच तर लावलीय ती."

लीलानं तोंड उघडलं. तांब्यातून वीज चांगली वाहते, हे वाक्य जिभेवर आलेलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपोआप येई. पण या प्रश्नाला ते बसेना. आजवर लोक विचारत, तार चांगली हाय का. लावणी राहते का, असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. याला हो किंवा नाही, दोनच उत्तरं होती.

तिनं डबा खाली ठेवला, उठली, आणि काउंटरच्या आत जाऊन सोल्डरिंगच्या दांड्याचं बटण दाबलं.

"काय करतीस?" अर्जुनराव हलक्या आवाजात म्हणाले. "गिऱ्हाईक बसलंय."

"बसू द्या. काकांनी विचारलंय."

"तोंडानं सांग की मग."

"तोंडानं सांगितलेलं कुणाला पटतं?"

"हिला गंमत लय," अर्जुनराव नानासोंकडे बघून हसले. "कॉलेजची सवय. काय तरी करून बगितल्याबिगर चैन पडत न्हाई."

तिनं जुन्या तारेच्या पिनेचं टोपण काढलं. काकांना जवळ बोलावून राखेच्या रंगाचा गोळा दाखवला, नखानं हलवून दाखवला. दांडा तापला तसा जुना डाख उतरवला, जाळीचे केस पिळून एकत्र केले, नवा डाख दिला. धुराची एक रेघ वर गेली. शिसं पसरलं, कडेला पातळ झालं, चमकलं. तिनं टोपण बसवलं आणि ती जुनी, धुळकट, दहा जत्रा पाहिलेली तार माईकला जोडली.

कर्णा गप्प होता.

"बोला काका."

कोंडीबांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "राम कृष्ण हरी," ते म्हणाले. आवाज स्वच्छ रस्त्यापार गेला. पानवाल्यानं या वेळी मान डोलावली.

"ही जाळी बाहेरची घरघर अडवते," लीला म्हणाली. "ती आतून सुटली होती, म्हणून घरघर आत येत होती. बाकी काही नाही. आणि काका, तारेला अभंग कळत नाही, लावणीही कळत नाही. तिला नुसता धक्का कळतो. मागून आला की पुढं देते. बोलणारा गप्प झाला की तिच्यात काही उरत नाही."

अर्जुनरावांचा चेहरा पितळेच्या तपेल्यासारखा लाल-पिवळा झाला होता. लीलाला वाटलं, झालं एकदाचं. आता हे उठतील, जुनी तार काखेत मारतील, आणि भगवं खोकं परत फळीवर जाईल.

नानासोंनी जुनी तार हातात घेऊन पारखली.

"झ्याक झालं," ते म्हणाले. "म्हंजे ही तमाशाला झाली. आता ती देवाची बांधून द्या."

लीलानं दांड्याचं बटण बंद केलं.

"अवो, घरघर गेली की," ती म्हणाली. "दुसरी कशाला?"

"घरघरीचा सवाल न्हाई, ताई. वरच्या वाडीनं घेतलीया. त्यांच्या देवाला येगळी तार, आन् आमच्या देवानं तमाशाच्या तारंतनं बोलायचं व्हय? उद्या जत्रंत त्येच लोक आमच्या तोंडावर हसतील."

तिनं काकांकडे बघितलं. काकांच्या चेहऱ्यावर ना फसल्याची खूण होती, ना लाज. ते समाधानी दिसत होते.

"तू म्हंतीस त्ये खरं असंल बाळा," ते म्हणाले. "तुला इद्या हाय. पर दोन असल्या तर बिघाडलं कुठं? एक त्येला, एक त्येला. मनाला बरं वाटतंय."

याच माणसानं भाकरीचं गठुडं आणलं होतं. भावकीशी भांडून पुतणी शिकवली, आणि शिकल्यावर आपणच तिला एक गोष्ट विचारली, तिनं डोळ्यांदेखत करून दाखवली, तर ती ऐकायची मात्र नाही. देवळात बसवलेल्या मूर्तीसारखी ती त्यांना हवी होती. पाया पडायला. लीलाला त्यांचा राग आला नाही. राग यायला समोरच्यानं काही तरी मोठं केलेलं असावं लागतं.

अर्जुनरावांचा रंग परत जागेवर आला होता. ते मोठ्यानं हसले.

"बगितलंस?" ते तिला म्हणाले. "तू शिकिवलंस, त्यांनी ऐकलं, आन् माल खपला तो खपलाच. उलट एका गिऱ्हाइकाच्या दोन तारा झाल्या. आता रोज असंच करून दाखवत जा. मी बोलून जे व्हत न्हाई ते तुज्या डाखानं व्हतंय."

आणि ते खरं होतं. खोट्याचा तिनं आज डोळ्यांसमोर निकाल लावला होता, आणि खोटं उठून, धोतर झटकून, खोक्यासकट घरी निघालं होतं.

"एक काम करा, अर्जुनराव," नानासो म्हणाले. "पावतीवर जरा ल्हिवून द्या. बी.एस्सी. बाईंनी तपासून दिलेली तार. खाली ताईंची सही, पदवीसकट. कमिटीपुढं वाचून दावतो. गावचीच लेक हाय, लोकांना बरं वाटंल. पोरीबाळी बी ऐकतील, शिकली म्हंजे काय व्हतंय ते."

"का न्हाई," अर्जुनराव म्हणाले. त्यांचं अक्षर चांगलं होतं, गोदामातलं. त्यांनी पावतीच्या तळाशी लिहिलं, सावकाश, शाई फुंकत, आणि पावती काउंटरवरून तिच्याकडे सरकवली. वर पेन ठेवलं.

सदर तार शुद्ध असून शास्त्राप्रमाणे तपासली आहे.

लीलानं पेन उचललं. सही करणं अवघड नव्हतं. माना वळल्या की बोलायचं एक वाक्य तिनं इतकी वर्षं सांभाळलं होतं. हे त्याच्यापुढचं एक पाऊल, एवढंच. फरक इतकाच की बोललेलं वाक्य हवेत जाई आणि तारेसारखं मागं काही ठेवत नसे. हे कागदावर राहणार होतं. बोरकडीच्या चावडीवर मोठ्यानं वाचलं जाणार होतं. बोरकडीच्या मुली सातवीनंतर पलूसच्या शाळेत जात. इतर कुठं जायला गाडी नव्हती. त्याच मुली हे ऐकणार होत्या, आणि उद्या कुणा बाईनं फळ्यावर तारेचं चित्र काढलं तर हात वर करून विचारणार होत्या, की बाई, ही सोवळी का ओवळी.

कुणा बाईनं. ती कुणी दुसरीच बाई, असं ती अजूनही धरून चालली होती.

"घाबरती काय," अर्जुनराव म्हणाले. "सही करायला बी.एस्सी. लागत न्हाई."

नानासो हसले. काकाही हसले, प्रेमानं.

लीलानं पेनाचं टोपण लावलं. पेन पावतीवर आडवं ठेवलं, अगदी त्या ओळीवर. मग तिनं काउंटरच्या बाहेर येऊन दारातलं आपलं स्टूल उचललं आणि भिंतीखाली, फोटो आणि पदवीच्या मधोमध ठेवलं. ती स्वतः चढली नाही. ती अर्जुनरावांकडे वळली.

"ती चौकट खाली काढा," ती म्हणाली.

"कशाला? पुसायचीय?"

"नाही. मला ती पलूसला न्यायचीय. मी तिथल्या शाळेत शिकवायला जाणार आहे."